जागा किती हवी

लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही दुकानात डिस्क मागितली की काउंटरमागचा मुलगा आधी विचारतो, "किती जीबी?" आणि लगेच, "बजेट काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्याच्यामागे छतापर्यंत खोकी रचलेली असतात, पुढे गिऱ्हाइकांची गर्दी असते, आणि ग्रँट रोडला उतरून इथवर चालत आलेला माणूस भाव विचारून पुढच्या दुकानात जाणार हे त्याला ठाऊक असतं. पण घरच्या कॉम्प्युटरसाठी साठवणीची जागा विकत घेताना तिसराही एक प्रश्न असतो: तिथे काय ठेवायचं आहे, आणि ते उघडून कोण वाचणार आहे? या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घरातला जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला काढला तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. त्याचं उत्तर जसजसं मिळत गेलं तसतसे दुकानदाराचे दोन प्रश्न सोपे झाले.

यंत्र साधं आहे. दहाएक वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेलं, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. चालू केल्यापासून लिहायला लागेपर्यंत डोक्यातलं वाक्य विरून जावं इतकं ते मंदावलं होतं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार थांबवला. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, म्हणजे कागदोपत्री आमचं यंत्र बाद. घरातल्यांचं आणि बिल्डिंगमधल्या जाणत्या मुलांचं एकच म्हणणं होतं, नवा घ्या. मला ते पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. मजकूर लिहायला, हिशेब ठेवायला, फोटो बघायला तो प्रोसेसर पुरून उरतो. विंडोजऐवजी लिनक्स घातलं की सुरक्षिततेची काळजीही मिटते. सगळं अडत होतं ते डिस्कपाशी.

हार्ड डिस्क मंद का वाटते हे एकदा समजून घेतलं की तिच्यावरचा राग जातो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. हवा तो तुकडा हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडं जास्त, थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. विखुरलेल्या ठिकाणांहून वाचायचं झालं तर अशा डिस्कला सेकंदाला सत्तर-ऐंशी वाचनं जमतात, आणि कॉम्प्युटर सुरू होताना तर हजारो बारीक फाइली इथूनतिथून गोळा कराव्या लागतात. ती म्हातारी झाली म्हणून नव्हे, तर धातूची तबकडी आणि सरकणारा हात यांची मर्यादाच तेवढी आहे. एसएसडीत फिरणारं काही नाही. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन इवल्याशा पेशींमध्ये अडकवून ठेवलेले असतात. पेशी कुठल्याही कोपऱ्यातली असो, तिच्यापर्यंत पोचायला वेळ जवळपास सारखाच आणि अगदी थोडा लागतो. साटाच्या केबलनं जोडायची साधी एसएसडीही अशी विखुरलेली वाचनं सेकंदाला हजारोंनी करते.

दुकानात मला एनव्हीएमई या अधिक वेगवान जातीच्या एसएसडीचा आग्रह झाला. खोक्यावर सेकंदाला ७००० एमबी छापलेलं असतं, शेजारच्या साटाच्या खोक्यावर ५५०. आकडे खरे आहेत, पण ते एकच मोठी फाइल सलग हलवण्याचे आहेत. चित्रफिती संकलित करणाऱ्याला त्यांचं मोल आहे. पत्रं, बिलं, लेख, फोटो अशा घरगुती कामात खरा पालट जाणवतो तो हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर येताना. साटावरून एनव्हीएमईवर गेल्याचा फरक टिपायला बहुतेकांना घड्याळ लावून बसावं लागेल. आणि आमच्या बोर्डावर ती बसवायला लागणारा एम.२चा स्लॉटच नाही, तिथे वाद मिटला. म्हणून घरून निघण्याआधी कॅबिनेटचं झाकण काढावं, बोर्डावर छापलेलं मॉडेल वहीत उतरवावं, साटाची किती पोर्टं रिकामी आहेत आणि वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमधून आलेली किती टोकं मोकळी आहेत ते मोजावं. एम.२ची पट्टी २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब असते. त्याच आकारात साटाच्याही पट्ट्या मिळतात आणि एनव्हीएमईच्याही. नुसती ती स्लॉटमध्ये बसली म्हणजे चालेलच असं नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरात नसलेल्या दोन गोष्टी मात्र मी विचारून घेतल्या. पहिली, पेशीत किती बिट ठेवले आहेत. टीएलसी म्हणजे एका पेशीत तीन बिट, त्यासाठी विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट आणि सोळा पातळ्या. पातळ्या वाढल्या की जागा स्वस्त होते, पण दोन पातळ्यांमधलं अंतर कमी होतं, लिहिणं मंदावतं आणि पेशी लवकर झिजते. दुसरी, टीबीडब्ल्यू, म्हणजे वॉरंटीच्या हिशेबात तिच्यावर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल. १ टीबीच्या टीएलसी डिस्कला हा आकडा अनेकदा ६००च्या आसपास असतो. घरी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाला तो गाठायला कित्येक वर्षं लागतील. त्यामुळे झिजेची धास्ती घेऊ नये, पण दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी नाव-गाव नसलेली पट्टीही घेऊ नये. मी ५०० जीबीची टीएलसी साटा एसएसडी घेतली, बिल घेतलं, आणि तिची थोडी जागा कायम मोकळी राहील असं ठरवलं. काठोकाठ भरलेली एसएसडी मंदावते.

भावांबद्दल एक सांगायला हवं. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला, तिथले डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्कच्या किमती भडकल्या. बँकॉकजवळचं पाणी इथल्या काउंटरवरच्या भावाच्या कागदात शिरलं. आता पुराऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटरं आली आहेत. मेमरीच्या चिप तिकडे वळतात आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा आपला सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मला ही बातमी कुठल्याही नव्या फोनच्या बातमीपेक्षा महत्त्वाची वाटली. आपलं यंत्र आपण उघडून, हवा तो भाग बदलून आणखी दहा वर्षं चालवावं, ही सोय हळूहळू आकसत चालली आहे. जोवर ती आहे तोवर वापरली पाहिजे.

इथवरचं सगळं वेगाचं झालं. तिसरा प्रश्न उरलाच होता, आणि त्यासाठी मला बाबांची जुनी डिस्क काढावी लागली.

बाबा रत्नागिरीला जिल्हा परिषदेत टंकलेखक होते. गोदरेजच्या मराठी मशीनवर त्यांची बोटं बसलेली. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकले आणि तीच जुनी टाइपरायटरची मांडणी वापरून त्यांनी एक काम हाती घेतलं. आपल्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, आणि संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ते लिहून काढत होते. काही कॅसेटवरही होत्या, बऱ्याचशा ऐकून, विचारून, खात्री करून घेतलेल्या. कोण म्हणायची, कुठल्या कामाला म्हणायची, कुठला शब्द माहेरचा, कुठला सासरचा, हे सगळं त्यांच्या टिपांमध्ये आहे. ती डिस्क ४० जीबीची, रुंद चपट्या पट्टीच्या केबलची, आयडीई पद्धतीची. आजच्या बोर्डावर तिला तोंडच नाही. लॅमिंग्टन रोडला यूएसबीवरून आयडीई जोडणारा कन्व्हर्टर अजून मिळतो. घेताना त्याच्याबरोबर वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना ते बघावं, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि साधं यूएसबी पाचच देतं. डिस्क जोडली, ती फिरली, फाइली दिसल्या. पहिल्याप्रथम त्यांची जशीच्या तशी नक्कल काढली आणि मगच एकेक उघडायला घेतली.

बाबांचं सगळं लिखाण, हजारावर ओव्या आणि टिपा धरून, काही शे केबीत मावतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, तसं धरूनही ते १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीत बसलं असतं. आयबीएमने १९५६ साली पहिली डिस्क यंत्रणा बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनावर होतं आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. बाबांच्या ओव्या तिच्यातही मावल्या असत्या. आणि आमच्या १ टीबीच्या डिस्कवर काय होतं? पुन्हा कधीही उतरवून घेता येतील असे सिनेमे, जुन्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल फाइली, फोनवरून आलेल्या सकाळच्या शुभेच्छांची चित्रं, एकाच फोटोच्या तीन-तीन प्रती. पुन्हा कुठूनही न मिळणारं होतं ते सगळं मिळून एका कोपऱ्यात.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्या कामासाठी संगणकावर कोश उभा केला आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. मी हिशेब केला. सीडीच्या दर्जाचा आवाज एका तासाला ६३५ एमबी घेतो, म्हणजे ते १२० तास ७६ जीबीत येतात. आज दुकानात सहज मिळणाऱ्या लहानशा एसएसडीतही ते बसून वर जागा उरेल. दळणाबरोबर हवेत विरून जाणारे हजारो बायकांचे शब्द एवढ्याशा जागेत राहू शकतात, आणि राहिले ते कुणीतरी गावोगाव फिरून, नावानिशी, क्रमवारीनं नोंदून ठेवले म्हणून. हे कळल्यावर "किती जीबी?" या प्रश्नाची मला भीती वाटेनाशी झाली. जागा पुरेशी आहे. निवड करणं, नाव देणं आणि वाचता येईल अशा रूपात ठेवणं, कष्ट आहेत ते तिथे.

वाचता येईल अशा रूपात, हे मी जाणूनबुजून म्हणते. बाबांची पहिली फाइल उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं यांची रांग उमटली. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी लिहायचं ते श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशा प्रणालींवर. तेव्हाच्या अनेक फॉन्टांमध्ये देवनागरीच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असत. फॉन्ट असेल तर ओवी, नसेल तर निरर्थक चिन्हं. त्या काळात दुसरा सोपा मार्ग नव्हता आणि याच फॉन्टांनी मराठी छपाई कॉम्प्युटरवर आणली, हे विसरून चालणार नाही. पण महाराष्ट्रात किती घरांमध्ये, किती छापखान्यांत, किती मंडळांच्या कपाटांत अशा फाइली पडून असतील! डिस्क शाबूत, फाइल शाबूत आणि मजकूर हरवलेला.

सुदैवाने बाबांच्या डिस्कवर फॉन्टही होता. मग युनिकोडमध्ये रूपांतर करायला बसले. त्यासाठीची साधनं मिळतात, पण त्यांच्यावर सगळं सोपवता येत नाही. टाइपरायटरच्या सवयीनं ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उमटवलेली असते, युनिकोडला ती अक्षरानंतर हवी असते. रफार तिथे अक्षरानंतर येतो, इथे त्याचा 'र' आधी लिहावा लागतो. या दोन्ही हालचाली यंत्र बऱ्यापैकी करतं. चुकतं ते 'दुसऱ्या', 'दळणाऱ्या' यांच्यापाशी, आणि तिथे चूक झाली तर आचाऱ्याचा आचार्य होतो. त्यामुळे प्रत्येक ओवी डोळ्यांखालून घालावी लागते. बाबांनी वापरलेली अनुस्वारांची जुनी पद्धत मी तशीच ठेवली आहे. ती त्यांची आहे.

या कामानं कीबोर्डाची निवड आपोआप केली. रोज तासन्‌तास दुरुस्ती करायची तर बोटांना कळणारी कळ हवी. मी बँकांमध्ये आणि टायपिंगच्या वर्गांत दिसणारा, खटखट वाजणारा टीव्हीएस गोल्ड घेतला आणि त्यावर इनस्क्रिप्टचे स्टिकर लावले. इनस्क्रिप्ट मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली प्रमाण केली. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि हीच रचना गुजराती, कन्नड, बंगाली सगळ्या लिप्यांना. रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवायची सवय झालेल्यांना सुरुवातीला ती परकी वाटते. मला तरी वाटतं की मराठीत रोज पानभर लिहिणाऱ्यानं थोडे दिवस त्रास सोसून ती शिकून घ्यावी. हात आधी इंग्रजी स्पेलिंगकडे जाऊन मग मराठीकडे वळत नाही, थेट 'क'वर पडतो. मधल्या घरांच्या ओळीत उजव्या हाताखाली प, र, क, त आणि डाव्या हाताखाली ओकार, एकार, हलन्त, ऱ्हस्व वेलांटी, ऱ्हस्व उकार ओळीनं येतात हे लक्षात आलं की ज्यांनी ती मांडली त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

मॉनिटरबद्दल दुकानात सगळे हर्ट्झ सांगतात, १४४, १६५, २४०. खेळणाऱ्यांना ते हवेत. देवनागरी वाचणाऱ्याला हवी ती पिक्सेलांची दाटी, कारण आपली लिपी वर-खाली वाढते. शिरोरेषेवर मात्रा, तिच्यावर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर. सत्तावीस इंची पडद्यावर १०८० ओळी असल्या तर इंचाला ऐंशीएक पिक्सेल येतात आणि 'कीर्ती'तला रफार वेलांटीत आणि 'सर्वांनी'तला रफार अनुस्वारात मिसळतो. त्याच आकारात १४४० ओळी घेतल्या तर इंचाला सुमारे १०९ येतात. चोवीस इंचात फोर-के परवडला तर १८४च्या आसपास, आणि तिथे लहान टायपातलं पुस्तकही छापील पानासारखं स्वच्छ दिसतं. मुद्रितं तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. डोळ्यांवर खर्च करायचा असेल तर तो इथे करावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

माउस, स्पीकर, वेबकॅम यांच्यात मी वेळ घालवला नाही. हाताला बसेल तो माउस चांगला.

स्कॅनरचा मात्र विचार केला, कारण बाबांच्या वह्याही आहेत. यूएसबीवरच चालणारे पातळ स्कॅनर सीआयएस पद्धतीचे असतात. काचेला पूर्ण टेकलेला कागद ते छान टिपतात, पण बांधणीजवळ वर उचललं जाणारं पान धूसर होतं. जाड, जुन्या घडणीचे सीसीडी स्कॅनर तिथेही अक्षर सोडत नाहीत. वह्यांसाठी मी तसलाच शोधून घेतला. मजकुराला इंचाला ३०० ठिपके पुरतात, फोटोला ६००. ए-फोर पान ६००ने रंगीत टिपलं तर कच्ची फाइल शंभर एमबीवर जाते, आणि इथे खरोखर मोठ्या डिस्कची गरज सुरू होते. कॅसेटही तशाच, नव्वद मिनिटांची एक कॅसेट पूर्ण दर्जात साडेनऊशे एमबी घेते. म्हणून चार टीबीची एक हार्ड डिस्क आली. होय, फिरणारीच. तीही सीएमआर पद्धतीची मागून घेतली. एसएमआरमध्ये लिखाणाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात आणि मोठी नक्कल करताना डिस्क रडतखडत चालते. दुकानदाराला हा फरक सांगता आला नाही तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या तक्त्यात बघावा.

वेगासाठी एसएसडी आणि जपणुकीसाठी फिरती डिस्क, या वाटणीला कारण आहे. एसएसडीतला इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतो. जेडेक या उद्योगसंस्थेच्या प्रमाणानुसार घरगुती एसएसडीनं आपलं ठरलेलं आयुष्य संपल्यानंतर, विजेशिवाय, ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी. नवीकोरी डिस्क याहून बराच काळ टिकवते, पण कपाटात पाच-सात वर्षं निश्चिंत ठेवावी अशी ती वस्तू नव्हे, आणि कोकणातल्या उन्हाळ्यात तर नाहीच. शिवाय हार्ड डिस्क बहुधा आधी कुरकुरते, आवाज करते, ती स्वतःच्या तब्येतीच्या ज्या 'स्मार्ट' नोंदी ठेवते त्यांच्यात बदललेल्या सेक्टरांचा आकडा वाढू लागतो. तो आकडा अधूनमधून बघावा आणि वाढायला लागला की त्याच दिवशी नवी आणावी. एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जाते.

वीज गेल्यावर तबकडी लिहिण्याच्या मध्यात थांबू नये म्हणून यूपीएस. ६०० व्हीएचा पुरतो. त्यातली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे आधीच धरून चालावं.

आणि प्रती. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम मला मान्य आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या तऱ्हांच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. पहिले दोन भाग लोक पाळतात, तिसरा राहतो. मुंबईच्या आसपास राहणाऱ्यानं तो टाळू नये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यावरच्या घरांमधली यंत्रं, वह्या, अल्बम सगळं एकाच पाण्यात गेलं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. जुलै २०२१च्या पुरात तिथले ग्रंथ भिजले. एका ठिकाणी ठेवलेल्या दोन प्रती पाण्याच्या दृष्टीनं एकच असतात. म्हणून बाबांच्या सगळ्या सामग्रीची एक प्रत दोन टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर भावाकडे नाशिकला गेली आहे. मजकूर इवलासा असल्यामुळे तो ऑनलाइनही ठेवला आहे.

पेन ड्राइव्हवर जपणूक करू नये, एवढं मात्र कळकळीनं सांगते. फूटपाथवर आणि ऑनलाइनही अविश्वसनीय स्वस्तात २ टीबीचे म्हणून पेन ड्राइव्ह विकले जातात. आत चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची, आणि कंट्रोलर खोटा आकडा दाखवतो. खरी जागा भरली की पुढचं लिहिलेलं कुठेच जात नाही, नावं तेवढी दिसत राहतात. एफ-थ्री किंवा एच-टू-टेस्ट-डब्ल्यू ही फुकट साधनं ड्राइव्ह पूर्ण लिहून पुन्हा वाचून बघतात. नवा ड्राइव्ह घेतला की आधी ही परीक्षा, मग वापर.

प्रत्येक डिस्कच्या पहिल्या फोल्डरात मी 'वाचा' नावाची साध्या मजकुराची एक फाइल ठेवली आहे. आत काय आहे, कुणी गोळा केलं, मूळ फाइल कुठल्या फॉन्टमध्ये आहे, तो फॉन्ट कुठल्या फोल्डरात आहे, रूपांतर कुठवर तपासून झालं आहे. त्या फोल्डरांना पासवर्ड घातलेला नाही. बँकेचे कागद कुलपात असावेत, ओव्या असू नयेत. भाचीला हे सगळं दाखवून ठेवलं आहे.

आईला यातल्या कशातच रस नव्हता. तिचं एकच मागणं होतं, "मला टीव्हीला लावून ऐकता येईल असं दे." मग सोळा जीबीचा चांगला पेन ड्राइव्ह घेतला, आमच्या टीव्हीला चालतो म्हणून फॅट-३२मध्ये फॉरमॅट केला, कॅसेटच्या पूर्ण दर्जाच्या फाइलींवरून एमपीथ्री करून त्यात घातल्या. ती सकाळी भाजी निवडताना ऐकत बसते. परवा तिनं रिमोटनं मध्येच थांबवलं आणि मला हाक मारली.

"ह्यावर सासूबाईंचं नाव का घातलंस? हा आवाज त्यांचा नव्हे. ह्या धाकट्या सासूबाई. त्यांना 'पंढरी' म्हणताना दम लागायचा, बघ."

मी पुन्हा लावून ऐकलं. दम लागतो आहे. बाबांच्या टिपेत त्या ओव्यांपुढे फक्त "घरातली" असं लिहिलेलं होतं. मोठ्या डिस्कवर फाइलींचं नाव बदललं, ऑनलाइन प्रतीतही बदललं, 'वाचा'मध्ये आईचं नाव घालून नोंद केली, आणि नाशिकची डिस्क गणपतीला भाऊ घेऊन येईल तेव्हा तीही दुरुस्त करायची आहे. तोवर आईनं आणखी तीन ओव्यांचे आवाज ओळखले आहेत.